ऑईलच्या डब्यात लपलेली मजुरी

गोव्यात टॅक्सीच्या भाड्यावरून जेवढे रण माजते, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही गॅरेजच्या बिलाची चर्चा होत नाही, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. टॅक्सीचे दर सरकार अधिसूचित करते, डिजिटल मीटरवरून आंदोलने होतात, प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. आणि टॅक्सीत बसणारा बहुतेक वेळा पाहुणा असतो. गॅरेजमध्ये गाडी नेणारे मात्र आपणच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत, घरात मोटार असलेल्या कुटुंबांचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळले होते, शंभरांत 45 च्या आसपास. एवढ्या घरांतून वर्षाला निदान एकदा सर्व्हिसिंगचे बिल येते आणि ते रास्त आहे की नाही हा प्रश्न आपण ‘सगळे लुटारूच’ एवढ्या एका शेऱ्याने निकालात काढतो.

हा शेरा मला मान्य नाही, आणि ‘बिचारा मेकॅनिक, त्याचेही पोट आहे’ हा त्याच्या उलटचा शेराही मान्य नाही. माझे मत असे की नेहमीच्या देखभालीत मेकॅनिकची मजुरी मुळात महाग नसतेच. नाक्यावरच्या गॅरेजात तर ती असायला हवी त्याहून कमी असते. ग्राहकावर अन्याय होतो तो दोन ठिकाणी: न लागणारी कामे गळ्यात मारली जातात तेव्हा, आणि मजुरी भलत्याच रकान्यात लपवली जाते तेव्हा. यातल्या दुसऱ्या प्रकाराला आपण ग्राहकही बऱ्याच अंशी जबाबदार आहोत.

पहिला प्रकार आधी घेऊ. माझी सात वर्षांची लहान पेट्रोल गाडी वार्षिक सर्व्हिसिंगसाठी एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली होती. मीटर 43 हजारांवर होता. नेटका गणवेश घातलेल्या सल्लागार तरुणाने टॅबवर बोट फिरवत अंदाजपत्रक काढले, ते 11,830 रुपयांचे होते. मी ते छापून मागितले आणि बाकावर बसून ओळ न् ओळ वाचले. इंजिन ऑईल 1,700, ऑईल फिल्टर 110, ड्रेन बोल्टचा वॉशर 20, एअर फिल्टर 350, एसीचा फिल्टर 400, व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग 800, ब्रेकच्या साफसफाईसह एकूण लेबर 1,900. इथपर्यंतची बेरीज 5,280. त्याखाली इंजिन फ्लश (म्हणजे इंजिन आतून धुणे) 450, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग 950, एसीचे निर्जंतुकीकरण 1,250, अंडरबॉडी कोटिंग 2,800 आणि आतली सफाई 1,100, म्हणजे आणखी 6,550. वरच्या सात ओळी गाडीसाठी होत्या. खालच्या पाच कुणासाठी होत्या, हे मी त्या तरुणाला विचारले नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्या हातात नव्हते. महिन्याअखेरीस त्याचा वरिष्ठ त्याला किती गाड्या केल्या हे विचारणार नव्हता. गाडीमागे बिल किती झाले, हे विचारणार होता.

गाडीच्या समोरच्या खणात कंपनीची पुस्तिका असते. बहुतेकांच्या गाडीत ती विम्याच्या जुन्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट पडलेली असते. तिच्यात देखभालीचे वेळापत्रक छापलेले असते: ऑईल आणि त्याचा फिल्टर साधारण 10 हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, एअर फिल्टर बहुतेक गाड्यांत 40 हजारांच्या सुमारास, ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिन फ्लशचे नाव कुठेही नव्हते. म्हणजे ज्या कंपनीने इंजिन बनवले तिला जे आवश्यक वाटले नाही, ते तिच्याच पाटीखालच्या दुकानाला आवश्यक वाटत होते.

इथे गोव्याचा एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. हे राज्य उत्तर-दक्षिण जेमतेम शंभर किलोमीटरचे. निवृत्त माणसाची गाडी बाजार, देऊळ, बँक आणि एखादे लग्न एवढ्यावर वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर धावते. अशा गाडीचे ऑईल वर्षाने बदलणे योग्यच, कारण ऑईल नुसते उभे राहूनही उतरते आणि जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. पण किलोमीटरवर चालणाऱ्या वस्तू दर वर्षी बदलायला निघणे ही शुद्ध उधळपट्टी आहे. दुसऱ्या बाजूने, ज्याला पुण्याचा माणूस थोतांड म्हणेल ते अंडरबॉडी कोटिंग कळंगुटला किंवा वेळसांवला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी थोतांड नसते. खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पत्र्याला सोडत नाही. फोंड्यातल्या बंद गॅरेजमध्ये झोपणाऱ्या माझ्या गाडीला मात्र त्याची दर वर्षी गरज नव्हती. तेव्हा एखादे काम न लागणारे आहे की नाही हे त्या कामाच्या नावावरून ठरत नाही, गाडी कुठे राहते आणि किती चालते यावरून ठरते. आणि नेमके हेच दोन प्रश्न मला त्या काउंटरवर कुणी विचारले नाहीत.

मी खालच्या पाच ओळी खोडायला सांगितल्या. त्या तरुणाने हुज्जत घातली नाही, फक्त ‘मग पुढे काही झाले तर वॉरंटी बघा हं सर’ असे मृदू आवाजात म्हणाला. गाडीची वॉरंटी संपून बरीच वर्षे झाली होती. पण हे वाक्य किती गाड्यांच्या मालकांना निमूट सही करायला लावत असेल याची कल्पना करता येते.

या भीतीचा इतिहास आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधणारी यंत्रे या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि त्यामुळे ग्राहकाला अधिकृत केंद्राशिवाय वाट उरत नाही, असा तो निष्कर्ष होता. बाहेर काम केले एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असेही आयोगाने बजावले होते. पुढे प्रकरण अपिलांत गेले. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तीत मोटारींचाही समावेश होता. काउंटरवर यातले काय पोचले आहे हे वरच्या मृदू वाक्यावरून दिसतेच. त्यातच 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 या कडक प्रदूषण मानकाच्या गाड्या आल्या, सेन्सर वाढले, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय नाक्यावरच्या मेकॅनिकला पुढे जाता येईनासे झाले. ज्याला स्कॅनर विकत घेणे परवडले नाही, त्याचे गिऱ्हाईक आपोआप मोठ्या दुकानाकडे वळले.

आता नाक्यावरच्या गॅरेजकडे येऊ, कारण तिथले दुखणे वेगळे आहे आणि माझ्या मते अधिक विचार करण्याजोगे आहे.

सर्व्हिस सेंटरच्या त्या फेरीच्या आदल्या वर्षी मी गाडी घराजवळच्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, दिली होती. पंचवीस वर्षे याच कामात असलेला माणूस. गाडी गेटातून आत येतानाच त्याने मान वाकडी करून ‘उजव्या बाजूची लिंक रॉड गेली आहे’ असे, म्हणजे सस्पेन्शनचा एक दांडा निकामी झाल्याचे, नुसत्या आवाजावरून सांगितले आणि जॅक लावल्यावर ती गेलेलीच निघाली. या निदानाचे त्याने काही घेतले नाही. ऑईल-फिल्टर बदलून, ब्रेक उघडून, घासून, परत बसवून त्याने दिनदर्शिकेच्या पानामागे हिशेब मांडला. त्यात लेबर 600 रुपये होते. त्याच्या वर ऑईलचा चार लिटरचा पूर्ण डबा होता. माझ्या गाडीत साडेतीन लिटरच्या आतच ऑईल मावते हे मला ठाऊक होते. उरलेले अर्धा लिटर कुठे गेले हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. लिंक रॉडची किंमतही, पुढे सहज दुकानात चौकशी केली तेव्हा, मला लावलेल्या किमतीहून दीडशेने कमी निघाली.

याला फसवणूक म्हणावे का? काटेकोरपणे म्हणावेच लागेल. छापील किमतीपेक्षा जास्त दराने पाकीटबंद वस्तू विकणे हा तर वैधमापनशास्त्राच्या नियमांखाली गुन्हाच आहे. पण शिक्का मारण्याआधी त्याचा हिशेब मांडून पाहावा. दिवसाला तीन सर्व्हिसिंग झाली, जी रोज होत नाहीत, तर 600 प्रमाणे 1,800 रुपये. त्यातून हेल्परचे 700, जागेचे भाडे आणि वीज मिळून दिवसाचे निदान 400. उरले 700. म्हणजे आवाजावरून लिंक रॉड ओळखणारा माणूस आणि त्याच्या हाताखाली पाने पुसून देणारा पोरगा यांची कमाई एकच झाली. यात हत्यारांची झीज नाही, स्कॅनर नाही, आजारपण नाही, आणि चतुर्थीला हेल्पर गावी गेला म्हणजे आठ-दहा दिवस गॅरेज बंद ठेवावे लागते तेही नाही. हे गणित ज्याला रोज सोडवायचे आहे तो उरलेले अर्धा लिटर ऑईल ठेवून घेतो. लिंक रॉडवर दीडशे लावतो. सुट्या भागांच्या दुकानातून मिळणारी सवलत ग्राहकाच्या कानावर घालत नाही. मजुरीच्या रकान्यात जे मिळत नाही, ते तो ऑईलच्या डब्यातून काढतो.

आणि मजुरीच्या रकान्यात ते का मिळत नाही? कारण आपण देत नाही. आपल्याकडे वस्तूच्या किमतीवर घासाघीस करायला माणूस कचरतो, तिच्यावर छापील आकडा असतो. मजुरीवर आकडा छापलेला नसतो, म्हणून सगळी घासाघीस तिथेच. ‘अर्ध्या तासाचे काम, त्याचे सहाशे?’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या तोंडूनही ऐकले आहे. घरी एसी दुरुस्त करायला येणारा तंत्रज्ञ नुसते दार ठोठावण्याचे चार-पाचशे घेतो, दाताचा डॉक्टर दहा मिनिटांचे त्याहून जास्त घेतो, तिथे आपण घड्याळ बघत नाही. काळ्या हातांच्या माणसाच्या बाबतीतच आपल्याला मिनिटे मोजावीशी वाटतात. असल्या ग्राहकांसमोर जो मेकॅनिक ‘माझ्या कामाचे हजार रुपये, ऑईल-पार्ट छापील किमतीला, उरलेले ऑईल तुमच्या डिकीत’ असे सरळ बोलेल, त्याच्याकडून गिऱ्हाईक शेजारच्या 600 वाल्याकडे जाईल आणि तिथे एकूण तेवढेच किंवा जास्त मोजून स्वस्तात झाल्याच्या आनंदात घरी येईल. प्रामाणिकपणाला तोटा आणि लपवाछपवीला बक्षीस, अशी ही बाजारपेठ आपणच घडवली आहे.

यातले आणखी एक नुकसान पैशांपलीकडचे आहे. ज्याचे पोट पार्टांवर चालते त्याला दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्यातच फायदा असतो. ब्रेकचे कॅलिपर साफ करून, पिना ग्रीस करून काम भागत असताना नवा संच बसवला जातो, कारण साफ करण्याची मजुरी कुणी देत नाही आणि नव्या संचावर काही सुटते. कसब असलेला माणूस अशाने हळूहळू नुसता विक्रेता होतो. फर्मागुढी किंवा म्हापशाच्या आयटीआयतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून बाहेर पडणारा मुलगा हे बघतो आणि नाक्यावर गॅरेज टाकण्याऐवजी दुसरीकडे नोकरी पत्करतो. त्याला दोष कसा द्यावा?

मग सरकारने दर ठरवून द्यावेत का, टॅक्सीसारखे? ही सूचना अधूनमधून होते आणि ती ऐकायला बरी वाटते. मला ती चुकीची वाटते. किलोमीटर सगळीकडे सारखाच असतो, बोल्ट तसा नसतो. डिचोलीच्या गाडीचा मागचा ड्रम वीस मिनिटांत निघेल. समुद्रकाठच्या पाच वर्षे उघड्यावर राहिलेल्या गाडीचा तोच ड्रम गंजून बसलेला असतो, त्याला ऑईल मारून वाट पाहावी लागते, हातोडीने ठोकावे लागते, आणि एखादा बोल्ट तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो. दोन्ही कामांना एकच दर लावला की समुद्रकाठची गाडी कुणी हातात घेणार नाही, किंवा घेईल आणि तूट पुन्हा डब्यातूनच काढील. दरावर सक्ती नको. सक्ती हवी ती दर उघड लिहिण्याची.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पंचायत किंवा नगरपालिकेच्या व्यवसाय परवान्याशिवाय गॅरेज रीतसर चालत नाही. त्या परवान्यात चार अटी घालाव्यात: तासाची मजुरी आणि पाच-सहा नेहमीच्या कामांचे लेबर मराठी-कोकणी फलकावर दर्शनी भागात लिहिणे, काम सुरू करण्यापूर्वी अंदाज लेखी देणे आणि तो वाढणार असेल तर फोन करून विचारणे, बिलात मजुरी आणि वस्तू वेगवेगळ्या दाखवणे, आणि बदललेले जुने भाग व उरलेले ऑईल ग्राहकाच्या समोर ठेवणे, मग न्यायचे की नाही ते त्याने ठरवावे. कंपनीच्या केंद्रांना पाचवी अट असावी, ती म्हणजे पुस्तिकेत असलेली कामे आणि केंद्राने सुचवलेली जादा कामे अंदाजपत्रकात दोन वेगळ्या भागांत छापणे. माझ्या त्या अंदाजपत्रकात मध्ये नुसती एक आडवी रेघ असती तरी मला बाकावर बसून पुस्तिकेशी ताळा करावा लागला नसता. बिल देण्याचे बंधन तर आधीच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विहित रीतीने बिल किंवा पावती न देणे अनुचित व्यापार प्रथेत मोडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि जिल्हा आयोगात वकिलाशिवाय तक्रार करता येते. मात्र दिनदर्शिकेच्या पानामागचा हिशेब घेऊन आयोगापुढे उभे राहणे कठीण, आणि तो आपण बहुधा गॅरेजच्या दारातच फेकून दिलेला असतो.

यावर छोट्या गॅरेजवाल्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे: कागद आला की कर आला. तो अर्धाच खरा आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या सेवा-व्यावसायिकाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्याने कर न लावता साधी पावती द्यावी, त्यात बेकायदा काही नाही. मोठ्या केंद्राच्या 1,900 रुपयांच्या लेबरमध्ये 18 टक्क्यांप्रमाणे सुमारे 290 रुपये कराचेच असतात. म्हणजे कराच्या बाबतीत तरी लहान गॅरेज उघडपणे स्वस्त ठरू शकते आणि तसे फलकावर लिहूही शकते. 22 सप्टेंबर 2025 पासून मोटारींच्या सुट्या भागांवरचा जीएसटीही सरसकट 18 टक्क्यांवर आला. त्याआधी पुष्कळ भागांवर तो 28 टक्के होता. ती सवलत ग्राहकापर्यंत पोचली का, हे मेकॅनिकच्या बिलात वस्तू वेगळी लिहिलेली असेल तरच तपासता येईल.

हे सगळे मेस्ताला एकदा बोलूनही दाखवले. यंदा मेमध्ये, पावसाच्या आधी, गाडी पुन्हा त्याच्याकडे नेली आणि आधीच सांगितले की मजुरी तुला वाटते ती लाव, पण वेगळी लाव, आणि बाकी सगळे छापील किमतीला. तो हसला, पण त्याने केले तसे. ऑईलचा डबा माझ्या देखत फोडला, उरलेल्या अर्ध्या लिटरला घट्ट झाकण लावून तो डिकीत ठेवला, जुना फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटखाली सरकवला. हिशेब या वेळी वहीच्या पानावर होता: ऑईल, फिल्टर, वायपरची जोडी, सगळे पाकिटावरच्या आकड्याप्रमाणे, आणि खाली, थोडे दबकतच लिहिल्यासारखे, ‘लेबर 1000’. मी बेरीज तपासली, ती बरोबर होती. खिशातून पैसे काढताना, गेल्या तीस वर्षांच्या सवयीने, माझ्या तोंडून निघून गेले: ‘मेस्त, लेबर जरा जास्तच नाही का झाले?’ त्याने काही न बोलता पेन घेतले आणि 1000 खोडून 800 केले.